चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेसाठी मूल्याधिष्ठित अभ्यासक्रम कसा आखावा

मूल्यांची यादी भिंतीवर रंगवण्याची घाई करू नये. आधी शाळेचे ध्येय दोन वाक्यांत लिहावे. चर्चच्या २०१६ च्या शिक्षणविषयक भूमिकेत शहाणपण, आशा, समुदाय आणि प्रतिष्ठा ही चार सूत्रे आहेत. मात्र ती जशीच्या तशी उचलण्यापेक्षा आपल्या वस्तीतील मुलांची खरी निकड कोणती, हे शिक्षक, पालक आणि शाळेच्या गव्हर्नरांनी (म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाच्या सदस्यांनी) एकत्र बसून ठरवावे.

त्यानंतर राष्ट्रीय अभ्यासक्रमातील पाठ समोर ठेवून प्रत्येक सत्रासाठी एकच प्रश्न निवडावा. उदाहरणार्थ, नऊ-दहा वर्षांची मुले भूगोलात नद्या शिकतात. तिथे बायबलमधील चांगल्या शोमरोनीच्या, म्हणजे जखमी अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्याच्या, दाखल्यातील ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न घ्यावा. मुलांनी नकाशावर नदीकाठची गावे रंगवावीत आणि वरच्या गावाने पूर रोखण्यासाठी बांध घातला, तर खालच्या गावात पाणी कुठे शिरेल, यावर वाद घालावा. यात भूगोल पक्का होतो आणि मूल्य वेगळे सांगावे लागत नाही. गुणाकाराच्या पाढ्यांत मात्र करुणा शोधत बसू नये. ओढूनताणून जोडलेले मूल्य मुलांना लगेच कळते.

धर्मशिक्षणाचा आराखडा शाळेच्या प्रकारानुसार ठरतो: ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ शाळेत (चर्चशी जोडलेली, पण स्थानिक प्रशासनाचे नियंत्रण अधिक असलेली) सामान्यतः त्या भागासाठी ठरवलेला स्थानिक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम चालतो, तर ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळेत (चर्चचा वाटा अधिक असलेली) गव्हर्नरांचा शब्द महत्त्वाचा असतो. पाल्याला या तासातून वगळण्याचा पालकांचा कायदेशीर हक्क प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगावा.