संस्कारी शाळा शोधताय? आधी घड्याळ लावून घर मोजा

माझ्या मुलाने नववीत असताना माझ्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली होती. नाशिकच्या एका मिशनरी शाळेत होता तो, पहिलीपासून. असेंब्लीत माइकवर प्रार्थना म्हणणाऱ्या चार मुलांपैकी एक. प्राचार्य असलेल्या फादरनी बोलावलं म्हणून मी माझ्या शाळेतून अर्धी रजा टाकून गेले, तर टेबलावर चिठ्ठी. ‘माय सन वॉज सफरिंग फ्रॉम व्हायरल फीव्हर’ आणि खाली माझी सही. फादर वसईकडचे, त्यामुळे मराठीत म्हणाले, “मॅडम, ही तुम्हीच लिहिलीत ना?”

माझी नजर आधी ‘सफरिंग’वर गेली. मी मराठीची शिक्षिका. इंग्रजीत हा शब्द लिहिताना मला आयुष्यभर एकच एफ सुचतो. चिठ्ठीतही एकच होता. पोराने माझ्याच जुन्या चिठ्ठीवरून वाक्य उतरवलं होतं, चुकीसकट. त्या जुन्या चिठ्ठ्या कसल्या, ते मला ठाऊक होतं. एक साताऱ्याच्या लग्नाची, एक जेजुरीला गेलो होतो तेव्हाची, एक मुंबईहून परतायला उशीर झाला म्हणून. ताप एकदाही नव्हता. तो त्या दिवशी दोन मित्रांबरोबर कुणाच्या तरी स्कूटरवरून गंगापूर धरणावर गेला होता, चौदाव्या वर्षी.

संध्याकाळी नवरा सातपूरहून शिफ्ट संपवून आला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवढी फी घेतात, रोज प्रार्थना करून घेतात, मग शिकवतात काय?” एका एफची गोष्ट मी त्याला लगेच सांगितली नाही. तीन दिवस लागले.

मी शिक्षिका म्हटल्यावर दर जानेवारीत नात्यातले, सोसायटीतले फोन येतात. पोरगं ऐकत नाही, उलट बोलतं, मोबाइल सोडत नाही. कॉन्व्हेंटला टाकू का? संस्थानाच्या गुरुकुलात ठेवू का? माझ्या विद्यार्थ्यांचे अब्बा विचारतात, मदरशात हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करायला, बसवू का. प्रश्न तिघांचा एकच असतो: आमच्याने होत नाही, देवाधर्माची शाळा करेल का? त्या सगळ्यांना मी जे सांगते, ते इथे लिहून ठेवते.

आधी तास मोजा

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं धरलेलं आहे. वर्षाचे तास ८७६०. आठ तास झोप धरली तर २९२० गेले. मधली सुट्टी, बस, ग्राउंड असं सगळं धरून शाळेला सढळ हाताने १४०० द्या. तरी साडेचार हजारांच्या आसपास उरतातच. हे सगळे तास घराचे, असं म्हणून छाती फुगवू नका. आठवडाभर कागदावर लिहा: मूल घरात जागं किती होतं, आणि त्यातला किती वेळ आपण त्याच्याशी अभ्यास, आंघोळ आणि ‘चार्जर कुठाय’ सोडून दुसरं काही बोललो. आमच्याकडे दिवसाला चाळीस मिनिटं निघाली. त्यातली पंचवीस टीव्हीसमोरची. उरलेला वेळ कॉलेज रोडवरच्या क्लासचा, मित्रांचा आणि फोनचा. शाळा बदलून या आकड्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून हा कागद तयार झाल्याशिवाय प्रवेशाचा फॉर्म आणू नका.

दुसऱ्या कागदावर ‘संस्कार’ हा शब्द न वापरता, मुलाने काय करायला हवंय ते लिहा. क्रियापदात लिहा. ‘आदर’ लिहू नका. ‘आजी बोलत असताना कानातून इअरफोन काढतो’ असं लिहा. ‘शिस्त’ नको, ‘कुठे जातोय ते सांगून जातो’ चालेल. दहा ओळी झाल्या की प्रत्येकीपुढे खूण करा: हे शाळेत घडणार की घरात? पहाटे उठणं, रांगेत उभं राहणं, चारचौघांत न अडखळता बोलणं, गणवेश नीट ठेवणं, हे शाळा उत्तम करते, आणि धार्मिक शाळा जरा जास्तच उत्तम करते, कारण तिथे रोजच्या दिवसाला एक ठरलेली लय असते. खरं बोलणं, रागात हात न उचलणं, पैशाला हात न लावणं, चूक झाल्यावर येऊन सांगणं, या ओळींपुढे बहुतेक पालक निमूट ‘घर’ लिहितात. मीही लिहिलं.

माझ्या भाच्याचं उदाहरण बोलकं आहे. सातवीत त्याला नगर जिल्ह्यातल्या एका निवासी गुरुकुलात ठेवलं. दिवाळीला आला तो पाचला उठून, अंथरुणाची घडी घालून, थंड पाण्याने आंघोळ. जेवणाआधी हात जोडून श्लोक. ताट स्वतः घासायचा. माझी बहीण दारात रडायचीच बाकी होती. वसुबारसेला हे सगळं होतं. पाडव्याला उठायची वेळ साडेसात झाली. भाऊबीजेला दहा वाजता त्याच्या अंगावरची गोधडी ओढावी लागली, आणि ताट बेसिनमध्ये तसंच. पोरगं ढोंगी नव्हतं. तिकडे घंटा होती, चाळीस पोरं एकदम उठत होती, आणि इकडे त्याचे बाबा नवाला उठून ताट टेबलावरच ठेवत होते. दोन्ही ठिकाणी तो आजूबाजूला बघूनच वागत होता.

शाळा बघायची तर सुटायच्या वेळी

मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये सगळ्याच शाळा छान असतात. शाळा सुटताना गेटवर अर्धा तास उभे राहा. मोठी मुलं लहानांना बसमध्ये आधी चढू देतात का, वडापावच्या गाडीवर कागद कुठे टाकतात, आणि मुख्य म्हणजे शाळेतल्या मावशींशी, शिपाईकाकांशी कशी बोलतात, ते बघा. प्राचार्यांना ‘गुड आफ्टरनून फादर’ म्हणणारं पोरगं मावशींना ‘ए’ म्हणत असेल, तर तिथली शिस्त कितपत खोल गेलीय ते तुम्हाला कळलंच.

मग हे विचारा. नववीचे वर्गशिक्षक या शाळेत किती वर्षं आहेत? दरवर्षी नवे येत असतील, तर वय वर्षं पंधराच्या पोराला ओळखणारं तिथे कुणी उरत नाही. मूल खोटं बोलताना सापडलं तर पुढच्या दोन दिवसांत नेमकं काय होतं? उत्तरात ‘पालकांना बोलावतो’ एवढंच आलं तर पुढे विचारा, ‘आणि मग?’ आमच्या फादरनी मुलाला तीन दिवस ग्रंथालयातली पुस्तकं पुसायला लावली आणि रोज पाच मिनिटं त्याच्याशी बोलले. निलंबनापेक्षा मला ते बरं वाटलं. सखी सावित्री समितीत, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या समितीत, कोण कोण आहे, तक्रारपेटी कुठे आहे आणि तिची किल्ली कुणाकडे असते, हेही विचारा. किल्लीचा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

धर्माचा तास कसा चालतो ते स्पष्ट करून घ्या. बऱ्याच कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांना कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, आणि बाकीच्यांना त्याच वेळी मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षण असतं. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणजे तुम्ही विचारू शकता, आणि विचारल्याचा राग येणारी शाळा असेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

एक गोष्ट पालकांना हमखास माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी करतं. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांनाही हा कायदा लागू होत नाही असा निकाल दिला. तिथे मारायला परवानगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. छडी असते का, कोण मारतं, हे सरळ तोंडावर विचारा. निवासी असेल तर रात्री मुलांजवळ कोण झोपतं, घरी फोन कधी करता येतो, फोनवर बोलताना शेजारी कुणी उभं असतं का, हेसुद्धा.

आणि धार्मिक शाळेचं जे खरं बळ आहे, तेही बघा. अमेरिकेत जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात कॅथलिक हायस्कुलांचा अभ्यास केला. तिथे शाळा अर्ध्यावर सोडणारी मुलं कमी होती. त्याने कारण दिलं ते असं की तिथले पालक चर्चमुळे एकमेकांना ओळखतात, मुलाच्या मित्राचे आईबाप कोण हे माहीत असतं. अशी शाळा निवडणारी घरंच मुळात वेगळी असतात, असा आक्षेप पुढे इतरांनी घेतला, आणि तो मला पटतो. पण ओळखीचा मुद्दाही खरा आहे. माझ्या मुलाबरोबर धरणावर गेलेल्या दोघांच्या आयांचे नंबर माझ्याकडे नव्हते. एकीचा असता, तर दुपारी बारालाच कळलं असतं.

एका बाबतीत मात्र मी बिनशर्त शाळेच्या बाजूने आहे. घरात रोज दारू आणि मारहाण असेल, तर बरी निवासी शाळा, मग ती कुठल्याही धर्माची असो, मुलाला वाचवते. माझ्या वर्गातला एक मुलगा आठवीत असा गेला. दर रविवारी तिथल्या स्वामीजींच्या फोनवरून मला फोन करायचा, ‘बाई, जेवलो’ एवढंच सांगायला.

घरचा भाग

इथे मी उपदेश करण्याच्या लायकीची नाही, म्हणून आम्ही काय केलं तेवढंच लिहिते.

तिसऱ्या दिवशी रात्री भांडी विसळताना मी मुलाला म्हटलं, “तापाचं वाक्य तू माझं चोरलंस.” तो गप्प. मग म्हटलं, “मीही खोटंच लिहायचे.” तो म्हणाला, “मला माहितीय. जेजुरीला मी पण होतो.” थोड्या वेळाने म्हणाला, “मग फादरना तू पण सांग.” बोबडी वळली माझी. वीस वर्षं नोकरी झालेली बाई मी, दुसऱ्या शाळेच्या प्राचार्यांना जाऊन काय सांगू? पण गेले. सांगितलं. फादर थोडा वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले, मग म्हणाले, “पुसायला पुस्तकं भरपूर आहेत, मॅडम.”

त्यानंतर काही गोष्टी ठरवून केल्या. रात्री साडेआठ ते सव्वानऊ सगळ्यांचे फोन लाडवांच्या रिकाम्या डब्यात, डबा फ्रिजवर. नवऱ्याचाही, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त चुळबुळ त्याचीच. जेवताना मार्कांचा विषय बंद. घराबाहेरचं एक मोठं माणूस मुलासाठी राखून ठेवलं, माझा धाकटा भाऊ. मुलाने मामाला सांगितलेलं मामाने मला सांगायचं नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं. दोनदा भावाला खोदून विचारलं, दोनदा त्याने फोन ठेवला. पोरांच्या मित्रांना महिन्यातून एकदा घरी मिसळ, आणि त्यांच्या आयांचे नंबर वहीत.

शाळेतून बोलावणं आलं तर दोन गोष्टी टाळा. ‘आमचा मुलगा असं करणारच नाही’ हे वाक्य, आणि शिक्षकांदेखत मुलाच्या थोबाडीत मारणं. मी टेबलाच्या पलीकडूनही हे दोन्ही शेकडो वेळा बघितलंय. पहिल्याने मूल निर्ढावतं. दुसऱ्याने पुढच्या वेळी सापडणार नाही याची तजवीज करतं. शिक्षकांचं पूर्ण ऐका, काही कबूल न करता, काही न नाकारता घरी या, मग मुलाचं ऐका, आणि दुसऱ्या दिवशी परत जा. मधली एक रात्र फार कामाची असते.

शाळेचा धर्म आणि घरचा धर्म यांची टक्कर झाली तर घाबरू नका. आमचा पहिलीतला चिरंजीव वरणभातापुढे डोळे मिटून ‘अवर फादर’ म्हणायला लागला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “म्हण की. पण मग माझा श्लोकही म्हण, आणि भात गार होऊ देऊ नकोस.” मुलाने घरच्यांना तुच्छ लेखायला सुरुवात केली, आजीला ‘तू पापी’ किंवा आईला ‘तू कांदा खातेस’ म्हणून ताट दूर सारलं, तर मात्र त्याच आठवड्यात शाळेत जाऊन बोला.

पुढच्या वर्षी, दहावीत, साताऱ्याला चुलतदिराच्या मुलीचं लग्न निघालं. मी कॅलेंडरात, म्हणजे त्यांच्या शाळेच्या डायरीत, खरं कारण लिहिलं. वर्गशिक्षिकेने खाली लाल शाईने शेरा मारला, हे कारण ग्राह्य नाही, आणि रजा बिनपरवानगी लावली. पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र गेलं. मी शेऱ्याखाली सही केली. मुलाने सगळं वाचलं, पेन घेतलं आणि म्हणाला, “आई, ‘अटेंड’मध्ये दोन टी असतात.”