थेरपिस्टचं मन थकलं की आधी नोंदी बदलतात

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी उपचारपद्धती, शिकून पहिल्या नोकरीला लागणारी मुलंमुली विचारतात, कोविडच्या काळातून तुम्ही काय शिकलात? त्यांना मी पीपीई किटच्या गोष्टी सांगत बसत नाही. त्यांना सांगते, विभागातल्या नोंदी वाचायला शिका. थेरपिस्टचं मन थकलंय हे चेहऱ्यावर दिसायच्या कितीतरी आधी तिने पेशंटच्या फाइलमध्ये काय लिहिलंय त्यात दिसतं.

मी मुंबईत शिकले. तेव्हा बीओटीचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. सायकियाट्रीची पोस्टिंग होती, नैराश्याची लक्षणं तोंडपाठ होती. उपचार करणाऱ्याच्या मनाचं काय, हे मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं. गोव्यात परत येऊन लकव्याचे पेशंट आणि ऑटिझमची मुलं असं दोन्ही काम करू लागले. मग 2020 उजाडलं. 25 मार्चला गोव्यात पहिले तीन बाधित सापडले, मे महिन्याच्या सुरुवातीला राज्य ग्रीन झोन ठरलं आणि जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलपासून साथ पसरली. या सगळ्यात आमची ओपीडी ‘तातडीची नाही’ म्हणून बंद होती.

मनाला पहिला घाव इथे बसतो. लकव्यानंतर हात सुधारण्याची सर्वात जास्त संधी पहिल्या तीन महिन्यांत असते, हे थेरपिस्टला पक्कं ठाऊक असतं. पेशंट घरी पडून आहे, हात आखडत चाललाय, आणि आपण जाऊ शकत नाही. योग्य काय ते कळतंय पण करता येत नाही, या अवस्थेचा ताण संसर्गाच्या भीतीपेक्षा वेगळा असतो. भीती लसीनंतर बरीच ओसरली. हा ताण राहिला, कारण त्याच्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं.

काम सुरू झालं तेव्हा हाताखालचं सगळं बदललं होतं. स्प्लिंटचंच घ्या, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधाराचं. थर्मोप्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करायचा, पुसून स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा, मग पेशंटच्या हातावर ठेवून कडक होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून राहायचं. करंगळीच्या बाजूला मनगटावर जे हाड वर येतं, तिथे कड रुतत नाही ना हे आपण बोटाने तपासतो. दोन-दोन ग्लोव्हज चढवल्यावर ते बोटाला नीट कळत नाही. फेसशील्डवर वाफ धरते, पेशंटला लवकर मोकळं करायची घाई असते, आणि नेमकी ती कड गुळगुळीत करायची राहून जाते. आठवड्याने पेशंट लाल चट्टा घेऊन येतो, किंवा स्प्लिंट कपाटात टाकून देतो. मुलांच्या बाबतीत तर मास्कने अर्धं कामच काढून घेतलं. ज्या मुलाला तोंडाकडे बघून शब्द आणि हसू शिकवायचं, त्याला आमचे फक्त डोळे दिसत होते.

म्हणून काळजीचा दर्जा आणि थेरपिस्टचं मन हे दोन वेगळे विषय आहेत असं मी मानत नाही. थकलेली थेरपिस्ट कामावर येते, पेशंटही बघते, रजिस्टर भरलेलं असतं. पण नोंदींत ‘घरचे व्यायाम सांगितले’ एवढंच वाक्य प्रत्येक फाइलमध्ये येऊ लागतं. पेशंटचं नाव झाकलं तर कोणाची फाइल ते ओळखता येत नाही. आधी लिहिलेलं असायचं, ‘विहिरीवरून कळशी आणायची आहे’, ‘स्वतः अंबाडा घालायचा आहे’. ती वाक्यं गायब होतात. बर्नआउटची तीन लक्षणं पुस्तकात सांगतात : भावनिक थकवा, माणसांपासून तुटत जाणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिलं स्वतःला जाणवतं. दुसरं आधी पेशंटला जाणवतं, म्हणून तेच जास्त धोक्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजारांत न धरता कामाच्या ठिकाणच्या न सुटलेल्या ताणाचा परिणाम मानलं आहे. हे लक्षात ठेवा. नुसतं ‘मन खंबीर ठेव’ म्हणून तो जात नाही, काम बदलावं लागतं.

व्हिडिओ कॉलने आम्हाला बरंच तारलं, सगळीकडे नाही. सत्तरी, सांगे भागात नेटवर्कसाठी मुलं अभ्यासाला डोंगरावर चढत होती, तिथल्या अंथरुणावरच्या पेशंटने काय करायचं? पण जिथे फोन लागायचा तिथे आम्हाला पहिल्यांदाच त्यांची घरं दिसली. उंबरा किती उंच, न्हाणीत धरायला काय आहे, चूल कुठे. फोंड्याच्या बाजूचे एक आजोबा होते, डाव्या अंगाला लकवा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली तसं त्यांनी व्यायाम सोडून दिले. नातू फोन धरायचा आणि आजोबा एकच धोशा लावायचे, “बाय, माटोळी हांवूच बांदतलों.” म्हणजे, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट मीच बांधणार. मग माटोळी हीच थेरपी ठरली. चौकटीखाली उभं राहून हात वर करणं धोक्याचं, म्हणून त्यांना पाठ टेकून खुर्चीत बसवलं, पुढे टेबल. डाव्या हाताने आंबाड्याचा घोस नुसता दाबून धरायचा, उजव्याने केवणीच्या, म्हणजे रानातल्या एका झाडाच्या सालीच्या दोराला गाठ मारायची. घोस सुटायचा, पुन्हा धरायचा. सुपारीचा कातरा (घड) जड, तो नातवाने धरला. बांधलेलं एकेक घरची माणसं वर टांगत गेली. त्या महिन्यातली त्यांची फाइल दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती. आणि आमच्या विभागात त्या आठवड्यात सगळ्यांनाच काम करावंसं वाटत होतं.

2021 चा मे त्याहून कितीतरी जड गेला. सुरुवातीचे काही दिवस तर तपासलेल्या जवळपास दर दुसऱ्या माणसाचा अहवाल पॉझिटिव्ह येत होता. त्यातच तौक्ते वादळ आलं, झाडं पडली, अनेक गावांची वीज गेली आणि फोनवरचे पेशंटही तुटले. रोजच्या यादीतली नावं कमी होत होती. काही बरे होऊन, काही नाही. अशा वेळी मला उपयोग झाला तो दिवसअखेरीच्या दहा मिनिटांचा. विभागातले आम्ही सगळे बसायचो आणि प्रत्येकाने एकाच पेशंटबद्दल बोलायचं : आज मला काय जमलं नाही आणि का. ज्येष्ठ मॅडम स्वतःपासून सुरुवात करायच्या, त्यामुळे नव्यांची जीभ मोकळी व्हायची. एखादीला एखादा पेशंट झेपत नसेल तर दुसरी घ्यायची, त्यात कमीपणा नव्हता. तुमच्या विभागात असं काही नसेल तर दोघींनी मिळून सुरू करा.

कोविडनंतर दम लागणारे पेशंट आले तेव्हा आम्ही त्यांना शक्ती वाचवायला शिकवत होतो. आंघोळ बसून करा, एका दिवसात दोन जड कामं नको, थकायच्या आधी थांबा, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवा. यातलं ऑक्सिजन सोडून बाकी सगळं थेरपिस्टलाही तसंच्या तसं लागू आहे. दोन जड केस लागोपाठ घेऊ नका, मध्ये एखादी हलकी ठेवा. रात्री पेशंटचे मेसेज किती वाजेपर्यंत बघणार ते पहिल्याच दिवशी सांगा. आपल्या हाताला आवडणारं एक काम, मग ते तबला असो की परसातली भाजी, आठवड्यातून सोडू नका. याच गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना अशा कृतींकडे परत वळवून दाखवलं. सहा ते आठ बैठकांत बरीच माणसं सुधारली, आणि ते काम 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कृतीने मन सावरतं हा तर आपल्याच शास्त्राचा पाया. तो स्वतःवर वापरायला संकोच कसला?

मदत मागताना गोव्यात एक खरी अडचण येते. राज्य लहान. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयाच्या ओपीडीत जावं तर वर्गमित्र भेटतो, नाहीतर मावशीची शेजारीण. आरोग्य कर्मचारी या एका कारणासाठी महिनोन्‌महिने टाळत राहतात. झोप दोन-तीन आठवडे बिघडलेली असेल, पेशंटचं नाव दिसलं की छातीत धडधडत असेल, तर टाळू नका. ओळखीचं कोणी नको असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र त्याच दिवशी एखाद्या माणसाला सांगा, ओळखीचा असला तरी.

आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर तीन गोष्टी विचारा. दिवसाला किती पेशंट बघायचे, आजारी पडले तर माझे पेशंट कोण घेणार, आणि माझ्या नोंदी वाचून माझ्याशी बोलणारी ज्येष्ठ थेरपिस्ट कोण. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल आणि नोकरी घ्यावीच लागणार असेल, तर रुजू व्हायच्या आधी तुमच्या कॉलेजमधल्या एखाद्या मॅडमना फोन करून महिन्यातला एक ठरलेला वार मागून घ्या. बहुतेक जणी हो म्हणतात.