४के डिस्क घ्यायची की नाही? आधी मोजपट्टी काढा

मागच्या पावसाळ्यात एका चित्रपटाची ४के डिस्क परदेशातून मागवली. टपाल, कस्टम्स सगळं धरून साडेतीन हजारांना पडली. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या हॉलचे पडदे ओढले, दिवे घालवले, ती लावली. मग त्याच चित्रपटाची जुनी ब्लू-रे लावली आणि आईला विचारलं, "कुठली चांगली?"

"दुसरी. पहिलीत सगळं काळोखं होतं."

दुसरी म्हणजे जुनी, चारशे रुपयांची. नव्या डिस्कच्या पैशांत घाणेकर नाट्यगृहात घरच्या सगळ्यांना पुढच्या रांगेत बसवून नाटक दाखवता आलं असतं. आईचं म्हणणं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. का बरोबर होतं ते कळायला आणखी वेळ लागला. आता नवी डिस्क घेण्याआधी मी काय काय तपासतो, ते सांगतो.

पहिलं काम: भिंत ते सोफा

४के म्हणजे ३८४० × २१६० ठिपके, ब्लू-रेच्या १९२० × १०८० च्या चौपट. चौपट म्हटलं की हात आपसूक पाकिटाकडे जातो. पण धडधाकट नजरेलासुद्धा एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. त्यावरून घरगुती हिशेब असा: टीव्हीच्या इंचांना ८ ने भागा. जे उत्तर येईल, साधारण तेवढ्या फुटांच्या आत बसलात, तरच ब्लू-रेपेक्षा जास्त बारकावा डोळ्यात शिरेल. ४३ इंचीला साडेपाच फूट, ५५ इंचीला सात, ६५ इंचीला आठ.

मोजताना सोफ्याच्या पायापासून मोजू नका, तुमच्या डोळ्यांपासून मोजा. आमचा टीव्ही ५५ इंची आणि अंतर भरलं साडेदहा फूट! सोफा पुढे ओढावा तर देवघराकडे जायची वाट अडते. म्हणून ४के लावायचं असलं की जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या सात फुटांवर आणून ठेवतो. तुमच्याकडे तेही जमणार नसेल, तर निव्वळ ठिपक्यांसाठी पैसे घालू नका. रंग आणि उजेडाची गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

दुसरं: चित्रपट कशावर जन्मला?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. खोक्यावरचं '४के' डिस्कबद्दल सांगतं, चित्रपटाबद्दल नाही.

मला आधी वाटायचं, चित्रपट जेवढा नवा तेवढा ४के मध्ये खुलेल. पुष्कळदा उलटंच असतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या चित्रपटाच्या निगेटिव्हमध्ये ब्लू-रेला दाखवता येतो त्याहून जास्त तपशील असतो. निगेटिव्ह शाबूत असेल आणि नव्याने स्कॅन केली असेल, तर तो बाहेर येतो. १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' किंवा १९६८ चा '२००१: अ स्पेस ओडिसी' हे तर ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्रित झाले, तिथे ४के म्हणजे चैन नाही, तो त्यांचा हक्क आहे.

फसगत होते ती २००० नंतरच्या चित्रपटांत. तेव्हा निगेटिव्ह स्कॅन करून रंगकाम संगणकावर करायची पद्धत रुळली. या टप्प्याला डिजिटल इंटरमीजिएट म्हणतात आणि कित्येक वर्षं तो बहुतेक वेळा २के मध्येच होत असे. २के म्हणजे आडवे २०४८ ठिपके, ब्लू-रेपेक्षा जेमतेम १२८ जास्त. व्हीएफएक्सही त्याच मापात बनत. अशा चित्रपटाची ४के डिस्क म्हणजे २के चं चित्र ताणून मोठं केलेलं. ताकात पाणी घालून तांब्या भरला तरी ताक तेवढंच. माझी साडेतीन हजारांची डिस्क नेमकी या जातीची निघाली.

आणि काही चित्रपटांत मुळातच काही नसतं. २००२ चा '२८ डेज लेटर' बहुतांशी कॅननच्या एक्सएल१ या मिनी-डीव्ही (कमी ठिपक्यांच्या व्हिडिओ टेपच्या) कॅमेऱ्यावर चित्रित झाला. तो ओबडधोबडपणा हीच त्याची गंमत आहे, पण ठिपक्यांच्या लोभाने तो घेऊ नये.

हे शोधायला पाच मिनिटं पुरतात. आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावर चित्रपटाच्या पानावर टेक्निकल स्पेसिफिकेशन्स उघडा. निगेटिव्ह कुठली होती ते बघा, आणि डिजिटल इंटरमीजिएटपुढे २के आहे की ४के ते बघा. जुन्या, प्रयोगशाळेतच पूर्ण झालेल्या चित्रपटाला ही ओळ बहुधा नसतेच, तेव्हा ती दिसली नाही म्हणून घाबरू नका.

तिसरं: नवी प्रत कशावरून केली?

निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीला थोडं काहीतरी सांडतं. म्हणून डिस्कच्या वर्णनात 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवं ४के स्कॅन' असं काही स्पष्ट लिहिलंय का, ते वाचा. नुसतं 'रीमास्टर्ड' असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

मेहनत म्हणजे काय, ते 'पथेर पांचाली'वरून कळतं. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि त्यात या चित्रपटाच्या निगेटिव्ह होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्यात त्या ठिसूळ पट्ट्या हाताने सांधून, जिथे निभाव लागला नाही तिथे दुसऱ्या प्रती वापरून २०१५ मध्ये ४के प्रत उभी राहिली. आपल्याकडे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन' असाच दुरुस्त केला. २०२४ मध्ये तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. अर्थात दुरुस्त झाला म्हणजे डिस्क निघाली असं नसतं. मराठी चित्रपट ४के डिस्कवर शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

आता 'रवा'. फिल्मच्या ग्रेनला, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या बारीक कणांना, मी रवा म्हणतो. रवा दिसला की लोकांना प्रिंट खराब वाटते, आणि त्यांना खूश करायला काही कंपन्या तो संगणकाने पुसतात. रव्याबरोबर कातडीवरची छिद्रं, दाढीचे खुंट, साडीचं विणकामही जातं. 'टर्मिनेटर २'च्या २०१७ मधल्या ४के डिस्कवर याच कारणाने टीका झाली: चेहरे मेणाचे. तुलनेचे स्क्रीनशॉट मिळाले तर जवळून घेतलेला चेहरा निवडा आणि फक्त गाल बघा. गाल गुळगुळीत पण भुवया कोरून काढल्यासारख्या असतील, तर ती डिस्क सोडा. एवढंच, की या स्क्रीनशॉटवरून रंग ठरवू नका. साध्या मॉनिटरवर एचडीआरचे (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राचे) रंग फिकट किंवा विचित्र दिसतात.

उजेडाचं काय?

आता आईच्या 'काळोखं'कडे येतो. ४के डिस्कवर बहुतेक वेळा एचडीआर असतं. ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, इथे १०२४. समईची ज्योत, पावसाळी आभाळातले करडे थर, रात्रीच्या रस्त्यावरचे दिवे, यांत हा फरक बारा फुटांवरूनही कळतो. मला विचाराल तर ४के डिस्कचा खरा फायदा हाच. त्यासाठी २के मधून ताणलेला चित्रपटही कधीकधी घेण्याजोगा ठरतो.

पण टीव्हीत तेवढा उजेड हवा. पुष्कळदा एचडीआरचं रंगकाम १००० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) हिशेबाने केलेलं असतं, आणि स्वस्तातले बरेच टीव्ही ३०० च्या आसपास दमतात. मग टीव्ही सगळं चित्रच खाली दाबतो. आमचं तेच झालं. ओएलईडी किंवा चांगलं लोकल डिमिंग (पडद्यामागचा प्रकाश भागाभागाने कमी-जास्त करायची सोय) असलेला टीव्ही असेल तर एचडीआरसाठी डिस्क घ्या. नसेल तर ब्लू-रेच बरी.

ओटीटीवर तोच चित्रपट ४के मध्ये आहे, मग डिस्क कशाला, असं घरचे विचारतात. ओटीटीचं ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएसवर (सेकंदाला एवढे मेगाबिट माहिती) येतं. ब्लू-रेचं चित्र ४० पर्यंत जातं, ४के डिस्क १२८ पर्यंत. धुकं, धूर, अंधार असलेल्या प्रसंगांत साधी ब्लू-रेही ओटीटीला भारी पडू शकते.

बाकी चौकशी झटपट होते. साधा ब्लू-रे प्लेअर ४के डिस्क वाचत नाही. डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स चालतो, प्लेस्टेशन ४ प्रो चालत नाही. ४के डिस्कला रीजनची (कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालेल याची) अडचण नाही, पण सोबत येणाऱ्या ब्लू-रेला असू शकते: आपण सी मध्ये, अमेरिका ए, ब्रिटन बी. आणि गेल्या पाच वर्षांत तो चित्रपट तुम्ही एकदाही पाहिला नसेल, तर वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

डिस्क घरी आली की खोक्यात ती सुटून खुळखुळत तर नाही ना, ते बघा. बोटांचे ठसे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. आणि परत करायची मुदत संपायच्या आत अख्खी लावून बघा, नुसती सुरुवातीची दहा मिनिटं नाही. तीन थरांच्या १०० जीबीच्या डिस्क कधीकधी मध्येच कुठेतरी अडकतात. माझी एक अशीच एक तास चाळीस मिनिटांवर थिजली, तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते.