पाळणाघरात मुलाला इजा झाली? वकिलाच्या नोटिशीआधी फुटेज मागा

मुलाला दवाखान्यात नेलंत, उपचार सुरू झाले, इथून पुढचं सांगते. मी वकील आहे आणि अशा प्रकरणांत पालकांना सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी एक कडक नोटीस पाठवा.’ या सल्ल्याने चांगली प्रकरणं हातची गेलेली मी पाहिली आहेत. नोटिशीत उत्तराला पंधरा दिवस दिले जातात, आणि तेवढ्यात तुमचा सर्वांत मोठा पुरावा पुसला जाऊ शकतो.

दवाखान्यात एकच गोष्ट जपा. डॉक्टर ‘कसं लागलं?’ विचारतात तेव्हा घाबरलेली आई ‘पडला’ एवढंच म्हणते आणि केस पेपरवर तेवढंच उतरतं. पुढे समोरचा वकील विचारतो, घरी पडला नाही कशावरून? म्हणून ‘पाळणाघरात, अमुक वाजता, तिथल्या ताईंनी असं सांगितलं’ हे लिहून घ्या आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. जखमेचे फोटो त्या दिवशी काढा, दुसऱ्या दिवशीही काढा, कारण वळ आणि काळंनिळं पुष्कळदा उशिरा दिसतं.

आता फुटेज. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं, अडीच वर्षांच्या मुलीचं कोपर मोडलं होतं. पाळणाघरवाल्या काकू म्हणाल्या, ‘देते ना, मुलगा गावाहून आला की काढून देईल.’ आईवडिलांनी विश्वास ठेवला, मीही ठेवला. बाराव्या दिवशी कळलं, हार्डडिस्क भरली आणि जुनं चित्रण आपोआप पुसलं गेलं. आम्ही मागितलं होतं याचा कागद नव्हता. त्या मुलीला मी न्याय मिळवून देऊ शकले नाही. तेव्हापासून तोंडी मागणी मी मागणीच धरत नाही.

डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जागा संपली की सर्वांत जुन्या चित्रणावर नवं चढतं. किती दिवसांनी, ते डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. छोट्या ठिकाणी आठवडाभरही टिकेल याची खात्री नसते. म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-तारखेसह पोच घ्या. सही देत नसतील तर तोच मजकूर ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवा, शिवाय स्पीड पोस्टनेही. अर्जात ‘पडला तेवढं दाखवा’ असं लिहू नका. मुलाला सोडल्यापासून घेऊन जाईपर्यंतचं, सगळ्या कॅमेऱ्यांचं मागा आणि ‘पुसू नये, जतन करावे’ हे शब्द घाला. मूल खेळताना पडणं हा निव्वळ अपघात असू शकतो. पण पडल्यावर किती वेळ कोणी उचललं नाही, खोलीत मावशी होत्या का, तुम्हाला फोन किती वाजता आला, यावर निष्काळजीपणा ठरतो, आणि ते आधी-नंतरच्या चित्रणातच दिसतं.

स्क्रीनवर दाखवलं तर मोबाइलने टिपून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर हवी आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल चित्रण कोर्टात पुरावा म्हणून चालण्यासाठी लागणारा कागद. डीव्हीआरचं घड्याळ पुष्कळदा चुकीचं असतं. स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या, नाहीतर पुढे वेळेवरूनच वाद होतो. आणि ते चित्रण सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात इतरांचीही मुलं असतात, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

देतच नसतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि डीव्हीआर जप्त करण्याची मागणी तिच्यातच लिहा. २०१६ मध्ये खारघरमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळेच उघडकीस आली होती.

ठाण्यात ‘एनसी करून देतो’ म्हणतील, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद; तेवढ्यावर मानू नका. निष्काळजीपणाने दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली दखलपात्र गुन्हा आहे. हाड मोडलं किंवा दात तुटला तर ती जबर दुखापत, आणि तिला ३ वर्षांपर्यंत कैद. मारहाण किंवा जाणूनबुजून हेळसांड असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लावायला सांगा. सांभाळ सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाला त्यात ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. नोंदवूनच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर हे सगळं बाजूला ठेवून तडक पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार करा. १०९८ या बाल हेल्पलाइनवरही मदत मिळते.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. अधिकारक्षेत्र आणि शुल्क तुम्ही भरलेल्या फीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या फीला शुल्क शून्य. तुमच्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार चालते. आईवडील आणि मूल दोघेही ग्राहक ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच एका रुग्णालयाच्या खटल्यात मान्य केलं. तेव्हा मुलासाठी साडेबारा लाख आणि पालकांच्या मनस्तापासाठी वेगळे ५ लाख कायम झाले होते. एक सावधगिरी मात्र हवी. पावतीवर ‘प्ले स्कूल’ असेल तर ‘आम्ही शिक्षणसंस्था, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही’ असा आक्षेप येतो आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २०२० चा निर्णय पुढे केला जातो. म्हणून फी सांभाळण्यासाठी होती, शिकवण्यासाठी नव्हे, हे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा.

प्रवेशाच्या वेळी ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही’ यावर सही केली होती म्हणून कित्येक पालक गप्प बसतात. बसू नका. त्या सहीने गुन्हा माफ होत नाही.

दवाखान्याचं बिल भरतो म्हणाले तर जरूर घ्या, पण पावतीवर ‘उपचार खर्चापोटी’ एवढंच लिहा. ‘आता काही तक्रार नाही’ असा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका, निदान मुलाचं प्लास्टर निघून हात पूर्वीसारखा वळतो आहे हे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत तरी.