नेटवर्कमधला महत्त्वाचा नोड शोधताना

नेटवर्क म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; त्यातला एकेक ठिपका म्हणजे नोड. कुठला नोड किती महत्त्वाचा, हे मोजायची मापं बरीच आहेत, म्हणून नेटवर्क ॲनालिसिस शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "डिग्री, क्लोजनेस, बिटवीननेस, आयगनव्हेक्टर... यातलं बरोबर कुठलं?" एमएस्सीला असताना मीही हेच विचारत फिरत होते. आमच्या सरांनी उत्तर न देता फळ्यावर कल्याण स्टेशन काढलं. लोकलच्या नकाशात त्याला लागून तीनच स्टेशनं: ठाकुर्ली, शहाड, विठ्ठलवाडी. म्हणजे डिग्री, थेट जोडण्यांची संख्या, फक्त तीन. पण बदलापूरहून टिटवाळ्याला लोकलने जायचं तर कल्याण टाळून दाखवा! बाकीच्या नोडांच्या जोड्यांमधल्या सर्वांत जवळच्या वाटा किती प्रमाणात आपल्या नोडवरून जातात, ते बिटवीननेस सांगतं. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये ते मांडलं.

सुरुवातीला मोठ्या डेटाला हातच लावू नका. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या घराण्यांचा ग्राफ, म्हणजे ठिपके-रेषांचं जाळं, घ्या: पंधराव्या शतकातली १५ घराणी आणि २० सोयरिकी. नेटवर्कएक्स या पायथनच्या लायब्ररीत तो आयता मिळतो, तरी आधी कागदावर काढा. मेदिचींच्या सोयरिकी सहा, स्ट्रोझींच्या चार, ग्वादान्यींच्याही चार. पाझ्झी फक्त साल्व्हियातींशी जोडलेले, आणि साल्व्हियातींची उरलेली एकच सोयरीक मेदिचींशी. आता मेदिचींचा ठिपका बोटाने झाका. पाझ्झी आणि साल्व्हियाती तुटून बाजूला पडतात, आच्चायुओली एकटे उरतात.

उरलेल्या घराण्यांच्या ९१ जोड्यांचा हिशेब मांडला की मेदिचींचं बिटवीननेस साधारण ०.५२ येतं, ग्वादान्यींचं ०.२५ आणि स्ट्रोझींचं अवघं ०.१०. चार-चार सोयरिकी असून एवढा फरक का? स्ट्रोझींच्या व्याह्यांपैकी पेरुझ्झींचं कास्तेल्लानी आणि बिस्केरी या स्ट्रोझींच्याच दुसऱ्या दोन व्याह्यांशीही नातं आहे, त्यामुळे त्यांचं स्ट्रोझींवाचून अडत नाही. ग्वादान्यींच्या चौघा व्याह्यांत मात्र आपसात एकही सोयरीक नाही. हे हाताने केल्याशिवाय अंगी मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझी स्वतःची मोठी चूक वेटमध्ये, म्हणजे प्रत्येक जोडणीला दिलेल्या आकड्यात, झाली. प्रोजेक्टला बसथांब्यांचं जाळं घेतलं होतं, आणि दोन थांब्यांमधल्या दिवसभराच्या फेऱ्या वेट म्हणून दिल्या. सर्वांत गजबजलेला थांबा यादीत पार तळाला गेला. दोन दिवस मी डेटाच तपासत बसले. गोम अशी की बिटवीननेस काढताना नेटवर्कएक्स वेटला अंतर समजतं. साठ फेऱ्यांचा रस्ता त्याच्या लेखी साठपट लांब! फेऱ्यांचा व्यस्त घेतला, तेव्हा यादी ताळ्यावर आली. तुमचा आकडा जवळीक सांगतो की अंतर, हे फंक्शन चालवण्याआधी वहीत लिहून ठेवा.

बाकीच्या मापांबद्दल थोडक्यात. बातमी कुठून लवकर पसरेल, असा प्रश्न असेल तर क्लोजनेस बघा, पण तुटक ग्राफात, जिथे काही नोड एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत, ते जपून वापरा. वजनदार मंडळींशी ओळख असण्याला किंमत द्यायची असेल तर आयगनव्हेक्टर. लिंकला दिशा असेल तर पेजरँक हे आयगनव्हेक्टरच्याच जातीचं माप जास्त भरवशाचं.

आता मुलाखती घ्यायची वेळ येते तेव्हा मी सूत्र विचारत नाही. कोरा कागद पुढे सरकवते आणि सांगते, "दोन नोडांची डिग्री सारखी, पण बिटवीननेस वेगळं, असा ग्राफ काढा."