विक्रोळीची गुलाबी झाडं बघायला जाताय? मग हे वाचा

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात गुलाबी झाडांचे फोटो फिरायला लागतात. ही बसंत रानी, म्हणजे टॅबेबुया रोझिया, मूळची मध्य अमेरिकेकडची. पानं गळतात आणि मग अख्खं झाड फुलांनीच भरतं, म्हणून ती लांबून एवढी उठून दिसतात.

माझं कळकळीचं सांगणं एकच, शनिवार-रविवारची वाट बघत बसू नका. बहर फार टिकत नाही, फोटो बघून "पुढच्या रविवारी जाऊ" म्हणालात की तोवर निम्मी फुलं रस्त्यावर आलेली असतात. त्या बाजूला कुणी ओळखीचं राहत असेल तर त्यांना आदल्या दिवशीच एक फोटो पाठवायला सांगा आणि लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी जाऊन या, सकाळी सातच्या सुमाराला, ऊन कोवळं असतं आणि ट्रॅफिकही कमी.

गाडी नेऊच नका. विक्रोळीला पूर्वेला उतरायचं, रिक्षा करायची आणि सर्व्हिस रोडच्या फुटपाथवरून चालत बघायचं. हायवेवर गाडी थांबवून सेल्फी काढणारे दिसतात, प्लीज असं करू नका, मागून गाड्या सुसाट येतात.

फांद्या ओढायची गरजच नाही, खाली ताज्या फुलांचा सडा असतोच. एक उचलून बघा, क्रेप पेपरसारखी चुरगळलेली पाकळी आणि आत गळ्याशी पिवळा रंग. मला तर झाडापेक्षा तेच जास्त आवडतं.