सिंहासन नसलेले खेळविश्व: नव्या गेममास्टरांसाठी अनुभवाचे चार शब्द

कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळांच्या, म्हणजे प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो अशा खेळांच्या, बहुतेक जगांत एक सिंहासन असते आणि ते कोणाच्या ताब्यात आहे यावर सारे कथानक फिरते. रोमन प्रजासत्ताकाच्या धर्तीवर खेळविश्व उभारू पाहणाऱ्या गेममास्टरने, म्हणजे खेळाचे जग रचून तो चालवणाऱ्याने, हे सिंहासन आधी मनातून काढून टाकावे. ते तसेच ठेवून नुसते संगमरवरी खांब आणि शिस्तबद्ध पलटणी आणल्या, तर खेळ फिरून राजवाड्यातच पोहोचतो. प्रजासत्ताकात सत्ता वाटलेली असते, तिला मुदत असते आणि तिला कोणीतरी अडवू शकतो. या तीन गोष्टी नियमांत उतरल्या, तर सजावट थोडी कमी पडली तरी चालते.

म्हणून मी नकाशाआधी पदे लिहितो. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलल्यावर रोमने त्याचे अधिकार दोन कॉन्सुलांकडे सोपवले, तेही एका वर्षापुरते, आणि त्या दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचा निर्णय रोखता येत असे. सामान्य जनांचे, म्हणजे प्लेबियनांचे, पुढे दहा ट्रिब्यून, म्हणजे त्यांचे हित जपणारे निवडून दिलेले प्रतिनिधी, झाले. त्यांच्या अंगावर हात टाकणे हे धार्मिक पातक होते आणि त्यांच्यातल्या एकाच्या नकारानेही सिनेटचा ठराव अडत असे. मात्र त्यांचा हा अधिकार शहरात आणि वेशीबाहेर सुमारे एका मैलापर्यंतच चाले. गेममास्टरच्या दृष्टीने ही मर्यादा फार मोलाची आहे, कारण जो ट्रिब्यून चौकात साऱ्या सरदारांना भारी पडतो, त्याला काही निमित्ताने मैलाच्या दगडापलीकडे नेले की प्रसंग आपोआप तयार होतो. नवोदितांनी प्रत्येक पदापुढे तीनच नोंदी कराव्यात: तो काय करू शकतो, त्याला कोण अडवू शकतो आणि त्याची मुदत कधी संपते.

मतदानाचा निकाल मात्र एका फाशावर कधीही सोडू नये. रोमच्या शतकसभेत, म्हणजे कॉन्सुल निवडणाऱ्या नागरिकांच्या सभेत, एकंदर १९३ गट होते आणि मत व्यक्तीचे नव्हे, तर गटाचे मोजले जाई. जुन्या रचनेत घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या संपत्तीवर्गाचे ८० गट आधी मत देत. ते एकजुटीने वागले तर ९७ चे बहुमत तिथेच पुरे होई आणि खालच्यांची पाळीच येत नसे. निर्धन नागरिक तर सगळेच्या सगळे एकाच गटात कोंबलेले होते. टेबलावर मी गटांची संख्या दहा-बारावर आणतो, निकाल एकेक करून जाहीर करतो आणि दोन निकालांच्या मधल्या वेळात खेळाडूंना मन वळवण्याची, धमकावण्याची किंवा पैसे चारण्याची मुभा देतो. ज्यांना भारतीय धाटणी हवी असेल त्यांनी बौद्ध भिक्षुसंघाच्या विनयातील, म्हणजे संघाच्या नियमांतील, शलाका-मतदान (काड्या वाटून घेतलेले मतदान) पाहावे. गुप्त, उघड आणि कानात सांगून, असे त्याचे तीन प्रकार तिथे दिलेले आहेत आणि वैशालीसारख्या गणराज्याच्या काल्पनिक सभेला ते शोभून दिसतात.

खरी कसोटी जादूची असते. मंत्र टाकून मतदारांना वश करता येईल का, हा प्रश्न कोणी ना कोणी खेळाडू विचारतोच. त्यावर 'नाही' म्हणून मोकळे होण्यापेक्षा तो गुन्हा ठरवावा आणि मग त्याचा शोध कोण घेतो, खटला कोण भरतो हे ठरवावे. याला रोममध्येच आधार आहे: इ.स.पू. ४५१–४५० च्या बारा पाट्यांच्या कायद्यात मंत्राने दुसऱ्याचे पीक ओढून घेणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. निवडणुकीतील लाचखोरीविरुद्धही तिथे एकामागून एक कायदे झाले, पण लाच काही थांबली नाही. वशीकरणालाही खेळात तोच दर्जा द्यावा, म्हणजे चारचौघांत त्याचा निषेध करणारे लोकच रात्री मांत्रिकाचे दार ठोठावतात.

शकुनांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: ते खरे की खोटे हे गेममास्टरने कधीही उघड करू नये. इ.स.पू. २४९ मध्ये द्रेपानाच्या नाविक लढाईआधी पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, म्हणजे अपशकुन झाला, तेव्हा कॉन्सुल क्लॉडियस पुल्खरने त्या समुद्रात फेकल्या आणि पुढे लढाईही गमावली, अशी कथा आहे. इ.स.पू. ५९ मध्ये मात्र बिब्युलस हा कॉन्सुल घरात बसून आकाशातले अपशकुन जाहीर करत राहिला आणि सहकारी कॉन्सुल सीझरचे कायदे त्यामुळे बेकायदा ठरतात, असा त्याच्या पक्षाचा दावा होता. पहिल्या प्रसंगात देवांचा कोप आहे आणि दुसऱ्यात निव्वळ डावपेच. दोन्ही शक्यता जिवंत राहिल्या तरच शकुन पाहणाऱ्या ऑगरचे पात्र रंगते.

गुलामगिरीबद्दल खेळाडूंशी आधीच बोलून घ्यावे. ती ठेवणार असाल तर शोभेपुरती ठेवू नये. विधिवत मुक्त झालेला गुलाम रोमचा नागरिक होई, पण बहुतेक काळ त्याचे मत ३५ पैकी चार शहरी जमातींतच (जमाती म्हणजे मतदानासाठी पाडलेले नागरिकांचे विभाग) अडकवलेले असे आणि पूर्वीच्या मालकाशी त्याचे देणेघेणे संपत नसे. असे पात्र खेळायला अवघड असते आणि म्हणूनच अनुभवी खेळाडूला द्यावे. स्त्रियांना तिथे मताधिकार नव्हता. हा नियम मी माझ्या जगात ठेवत नाही आणि त्यावाचून काही अडलेले नाही.

पहिली मोहीम एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे खेळातल्या एका वर्षापुरती आखावी. पदावर असलेल्या कॉन्सुलवर सहसा खटला चालत नसे, पण मुदत संपताच तो सामान्य नागरिक होई. त्यामुळे खलनायक कॉन्सुल शेवटच्या महिन्यांत एखाद्या प्रांताचा अधिकार मिळवून खटल्याच्या टप्प्याबाहेर जाण्याची धडपड करतो, आणि खेळाडूंना तेवढ्या अवधीत पुरावा, साक्षीदार व त्याला शहरातच अडवून धरणारा एक ट्रिब्यून मिळवावा लागतो.